खरेदीखत नोंदले, नोंदी वाचायच्या राहिल्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : घर खरेदीनंतर अभिलेखांची पडताळणी

घर घेण्यापूर्वी कोणती कागदपत्रे पाहावीत, याविषयी वृत्तपत्रांतून नेहमी लिहून येते आणि त्याचा उपयोगही होतो. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, विकणाऱ्याच्या कर्जाचा बोजा मिळकतीवर नाही ना याची खातरजमा करावी, हे आता बहुतेक खरेदीदारांना ठाऊक झाले आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात छायाचित्र व अंगठ्याचा ठसा देऊन बाहेर पडल्यावर काय पाहायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतेही. आम्हीही नव्हतो. दस्त फाइलमध्ये गेला, फाइल कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले. ती फाइल अकरा वर्षांनी उघडण्याची वेळ आली तेव्हा जे कळले, ते इतर खरेदीदारांच्या वेळीच लक्षात यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

आम्ही नगर भूमापन हद्दीतील एक जुने बैठे घर त्याखालच्या जागेसह विकत घेतले. व्यवहार सरळ होता, विकणारे गृहस्थ वयस्कर आणि शब्दाला जागणारे होते. मोबदला पूर्ण दिला, ताबा घेतला, खरेदीखत रीतसर नोंदवले. गेल्या वर्षी घराची दुरुस्ती करून वर एक मजला चढवावा, असे ठरले आणि त्यासाठी कर्ज मागायला गेलो असता बँकेच्या वकिलांनी चालू तारखेची मिळकत पत्रिका, म्हणजे जागेचा धारक कोण हे दाखवणारा नगर भूमापनाचा उतारा, मागितली. ती काढून आणली, तर धारकाच्या रकान्यात आमचे नाव नव्हते. विकणाऱ्या गृहस्थांचेही नव्हते. त्यांच्या पत्नीचे, दोन मुलांचे आणि मुलीचे नाव होते.

यात कोणाची लबाडी नव्हती, हे आधीच सांगते. ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या थोरल्या मुलाने वडिलांच्या नावावर दिसणाऱ्या सर्व मिळकतींना वारसांची नावे लावण्यासाठी एकच अर्ज केला. आमच्या घराच्या पत्रिकेवर त्यांचेच नाव तसेच राहिले असल्यामुळे तीही त्या यादीत आली. वारस नोंद करताना ज्यांचा संबंध अभिलेखावरून दिसतो, त्यांना नोटीस जाते. आमचा संबंध अभिलेखावर कुठेच दिसत नव्हता, म्हणून आम्हाला नोटीस आली नाही. विकून टाकलेल्या घराला विकणाऱ्याचे वारस लागले आणि त्यात राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आमचे नाव मुळात लागले का नाही, याचा शोध घेतला तेव्हा सगळे एका तिरक्या रेघेपाशी येऊन थांबले. खरेदीखताच्या मुख्य मजकुरात नगर भूमापन क्रमांक बरोबर होता. शेवटी मिळकतीचे जे वर्णन असते, त्या परिशिष्टात मात्र पोटविभागाच्या ‘३/२’ मधली रेघ गळून त्याचे ‘३२’ झाले होते. नोंदणीसाठी संगणकात माहिती भरताना ती परिशिष्टावरूनच भरली गेली आणि सूची क्रमांक दोनवरही, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणाऱ्या उताऱ्यावरही, ‘३२’ उमटले. त्या क्रमांकाचा ३२ असा पोटविभागच अस्तित्वात नाही. नोंदणी कार्यालयाकडून पुढे काही सूचना गेली असेल, तर ती कोणत्याही पत्रिकेशी जुळणारी नव्हती.

ही चूक आमच्या डोळ्यांखालून गेली होती, हेही कबूल केले पाहिजे. दस्त नोंदण्याआधी नोंदणीपूर्व गोषवारा काढून पक्षकारांना वाचायला दिला जातो. त्या दिवशी बाकावर बसून तो आम्ही वाचला होता. वाचला म्हणजे काय, तर नावांचे शुद्धलेखन पाहिले, मोबदल्याची रक्कम पाहिली, शून्ये मोजली आणि सही केली. मिळकतीच्या क्रमांकावर नजर ठरली नाही, कारण तो वकिलांनी आणि माहिती भरणाऱ्याने पाहिला असेल, असे आम्ही धरून चाललो. त्यांनी तो आम्ही पाहिला असेल, असे धरले असावे.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने तो तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचा असतो. परंतु त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, ज्याला नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला आहे, त्याला हे कळवण्याच्या बंधनातून सूट आहे. कारण कलम १५४ नुसार ती माहिती पुढे पाठवण्याचे काम नोंदणी अधिकाऱ्यावर सोपवलेले आहे. तरतूद खरेदीदाराच्या सोयीची आहे, तिचा हेतूही चांगला आहे. मात्र तिच्यामुळे ‘नोंदणी झाली, आता नाव आपोआप लागेल’ हा समज घट्ट झाला आहे. कायद्याने खरेदीदाराला कळवण्याच्या कामातून मोकळे केले आहे. नोंद न झाल्यास होणाऱ्या परिणामांतून मोकळे केलेले नाही. सूचना पाठवली जाणे, ती संबंधित कार्यालयात पोचणे, तिच्यावरून नोंद धरली जाणे आणि ती नोंद प्रमाणित होणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही टप्प्यावर काम अडले तरी खरेदीदाराच्या घरात सर्व काही सुरळीत चाललेले असते. दिवे लागतात, पाणी येते, कराचे बिलही येते.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. फेरफार, म्हणजे अभिलेखातील नावाचा बदल, झाला की मालकी मिळाली, असे अनेकांना वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे स्थावर मिळकतीची विक्री शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची असेल, तर ती नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या साठेखताने किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. महसुली नोंदी या शेतसारा, कर इत्यादींच्या वसुलीसाठी असतात, त्यांनी मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हेही त्या न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. त्यामुळे वारसांची नावे लागली तरी आमची मालकी गेली नाही, एवढा धीर वकिलांनी पहिल्याच भेटीत दिला. परंतु महसूल संहितेचे कलम १५७ असे सांगते की, अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, तिच्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे न्यायालयात बाजू आमची. बँकेच्या टेबलावर आणि बांधकाम परवानगीच्या खिडकीवर मात्र बाजू पत्रिकेची. मालकी असूनही कर्ज मिळत नाही, ही स्थिती अनुभवल्याशिवाय समजत नाही.

म्हणून नव्या खरेदीदारांनी दस्ताइतकेच लक्ष सूची क्रमांक दोनकडे द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. हा दोन पानांचा, फार साधा दिसणारा उतारा आहे आणि बहुतेक लोक त्याचा उपयोग केवळ बँकेला किंवा सोसायटीला प्रत देण्यापुरता करतात. त्याच्या चौथ्या रकान्यात ‘भू-मापन, पोटहिस्सा व घरक्रमांक’ असतो, पाचव्यात क्षेत्रफळ, सातव्यात दस्त करून देणाऱ्यांची आणि आठव्यात करून घेणाऱ्यांची नावे, वय व पत्ते, नवव्या व दहाव्यात दस्ताची आणि नोंदणीची तारीख. चौथा रकाना बोट ठेवून वाचावा. एका हातात जुनी मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि दुसऱ्या हातात हा उतारा घेऊन, एकाने मोठ्याने म्हणावे आणि दुसऱ्याने पाहावे, पूर्वी शाळेत गुणपत्रके ताडून पाहत असत तसे. क्रमांकातील रेघा, स्वल्पविराम, ‘अ’ आणि ‘ब’, पोटहिस्सा, इमारतीचे व विंगचे नाव, मजला, सदनिका क्रमांक. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे की चौरस फुटांत, आणि ते चटई क्षेत्र आहे की बांधीव, हे सर्व शब्दशः जुळले पाहिजे. एकाहून अधिक खरेदीदार असतील, तर सर्वांची नावे आहेत ना, हेही पाहावे. लांबलचक वर्णनाच्या गर्दीत दुसरे नाव गळल्याचे लवकर लक्षात येत नाही.

चूक फक्त सूचीत असेल आणि मूळ दस्त बरोबर असेल, तर दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून मूळ दस्ताच्या आधारे ती दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न करता येतो. चूक दस्तातच असेल, तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, आणि त्यावर मूळ दस्ताच्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. सगळी घाई आहे ती याच एका गोष्टीसाठी. खरेदीनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत विकणारा फोन उचलतो, बहुधा अजून त्याच गावात असतो, व्यवहाराची आठवण ताजी असते आणि संबंधही गोड असतात. एका दुपारी येऊन तो सही करून जातो. पुढे तो घर बदलतो, परदेशी मुलांकडे जातो, आजारी पडतो किंवा निवर्ततो, आणि मग एका तिरक्या रेघेसाठी चार वारसांची मने व वेळा जुळवाव्या लागतात. त्यांच्यातील एकानेही नकार दिला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्तीचा दावा लावण्यावाचून मार्ग उरत नाही.

सूची जुळली, की पुढचा अभिलेख पाहावा. जागा नगर भूमापन हद्दीत असेल, तर मिळकत पत्रिका, जिला काही ठिकाणी मालमत्ता पत्रक म्हणतात. नसेल तर गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्याचा वरचा भाग. सातबाऱ्याची प्रक्रिया बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण ती अर्ध्यावर थांबलेली असल्याचे ओळखता येत नाही. नोंद प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत घेतली जाते, तिला क्रमांक मिळतो, कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि हरकत नसेल, तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावरच जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि नवे नाव लागते. अनेक जण फेरफार क्रमांक हाती पडला की काम झाले असे समजून परत येतात. गावाचा ‘आपली चावडी’ फलक आता संकेतस्थळावर पाहता येतो, तेथे आपल्या नोंदीची स्थिती कळते. दर पंधरा दिवसांनी ती पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. कामासाठी डिजिटल स्वाक्षरी असलेलाच उतारा काढावा.

नाव लागल्यावरही उतारा एकदा खालपर्यंत वाचावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात विकणाऱ्याने घेतलेल्या जुन्या कर्जाचा बोजा तसाच असू शकतो. कर्ज फिटलेले असते, बँकेचे पत्रही मिळालेले असते, पण ते पत्र घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज कोणी केलेला नसतो. विकणाऱ्याला त्याची गरज उरत नाही आणि खरेदीदाराला ते सुचत नाही. बँकांनी मिळकतीवर घेतलेल्या तारणाची केंद्रीय नोंदवही ‘सेरसाई’ या नावाने २०११ पासून चालते. जुन्या कर्जाची नोंद तिच्यातूनही निघाली आहे का, याचा शोध शुल्क भरून कोणालाही घेता येतो.

सदनिकाधारकांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि मला वाटते, सर्वांत जास्त संभ्रम तिथेच आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका घेतली, तर मिळकत पत्रिकेवर व्यक्तिशः आपले नाव लागत नाही. तेथे संस्थेचे नाव असले पाहिजे. ते आहे का, हा प्रश्न खरेदीनंतर विचारणारे सभासद मला क्वचितच भेटले. सदनिकांच्या विक्रीविषयीच्या १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे विकासकाने संस्था स्थापन झाल्यावर जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची असते, आणि त्या कायद्याखालील नियमांत त्यासाठी चार महिन्यांची मुदत दिली आहे. हे होत नाही, असा अनुभव आल्यामुळे २००८ च्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाने दस्त करून दिला नाही तरी मिळकत संस्थेच्या नावे करून घेण्याचा, मार्ग खुला केला. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. आणि अभिहस्तांतरण झाले, तरी पत्रिकेवर संस्थेचे नाव लागण्यासाठी पुन्हा स्वतंत्र अर्ज लागतोच. माझ्या बहिणीच्या संस्थेत अभिहस्तांतरणाचा दस्त फ्रेम करून कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला होता; पत्रिकेवर मात्र जमिनीच्या मूळ मालकांचे नाव होते. ज्यांनी तो दस्त मोठ्या कष्टाने करून घेतला, त्यांना पुढची पायरी कोणी दाखवली नव्हती.

संस्थेपुरते पाहायचे, तर भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) मागच्या बाजूने पाहावा. पुढच्या बाजूला बहुधा पहिल्या सभासदाचेच नाव असते; हस्तांतरणाची नोंद मागच्या तक्त्यात होते, आणि तिथे तारीख, हस्तांतरण क्रमांक व पदाधिकाऱ्यांच्या सह्या नसतील, तर नुसते नाव लिहिलेले पुरेसे नाही. सभासदांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या ‘आय’ व ‘जे’ नोंदवह्यांतही आपले नाव आल्याची खात्री करावी. पुनर्विक्रीची सदनिका असेल, तर विकासकाने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक कडी, प्रत्येकीची नोंदणी पावती आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा आपल्या ताब्यात हवा. मोबदला पूर्ण मिळाल्यावर मालकीची कागदपत्रे खरेदीदाराला देण्याची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने विकणाऱ्यावर टाकलेली आहे. मधला एखादा करार हरवलेला असेल, तर तो नोंदणी कार्यालयाच्या पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकात नोंदलेला असल्याने नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ खाली त्याची प्रमाणित प्रत शुल्क भरून मिळते. नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांसाठी रेरा कायद्याचे एक पोटकलम फारसे चर्चेत नसते. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघून नुकसान झाले, तर कलम १८(२) प्रमाणे प्रवर्तकाने भरपाई द्यायची असते आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी येत नाही.

मालमत्ता कराविषयी थोडक्यात लिहिते. येथे महसूल संहितेसारखी सूट नाही. महापालिका कायद्यांप्रमाणे हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांत द्यायची असते. कराच्या बिलावर नाव लागल्याने मालकी सिद्ध होत नाही, पण नाव न लागल्यास मागच्या थकबाकीची नोटीस, आकारणीतील वाढीची सुनावणी, सर्व काही जुन्या मालकाच्या नावे निघते आणि आपल्याला कळत नाही. खरेदीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्याने भरायचा असतो. त्याची शेवटची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला दस्ताच्या फाइलमध्येच असावा. विजेच्या जोडणीचे नाव बदलणे तुलनेने सोपे आहे. आमच्याकडे तेवढे एकच काम पहिल्या महिन्यात झाले होते, आणि त्यावरूनच बाकीचे सगळे झाले असावे, असा आमचा समज झाला.

ज्यांनी कर्ज काढून घर घेतले आहे, त्यांनी बँकेकडे जमा केलेल्या मूळ कागदपत्रांची यादी बँकेच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावी. कर्ज वीस वर्षांनी फिटते, तोवर शाखा बदलते, बँकांचे विलीनीकरण होते, आणि काय दिले होते, हे आठवणीवर सोपवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांच्या आत परत करणे बँकांना बंधनकारक आहे, आणि त्यांच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. परंतु कोणती कागदपत्रे, हे दाखवणारी यादीच हाती नसेल, तर या तरतुदीचा आधार घेणे कठीण होते.

आता प्रशासनाकडे काही मागणे आहे. नोंदणी झाल्यावर दस्तासोबत खरेदीदाराला एक छापील पान द्यावे: आपली मिळकत अमुक अभिलेखात मोडते, तिच्या फेरफाराची सूचना अमुक कार्यालयाकडे पाठवली आहे, तिचा क्रमांक हा, आणि याशिवाय आपण स्वतः अमुक ठिकाणी अर्ज करायचा आहे. कोणत्या मिळकतीला कोणता अभिलेख लागू होतो, हे सामान्य माणसाला आपणहून कळणे अवघड आहे. मी स्वतः शिक्षिका होते, आयुष्यभर कागद वाचले, तरी मिळकत पत्रिका आणि कराचा उतारा यांतील फरक मला साठीनंतर कळला. दुसरे असे की, पाठवलेली सूचना क्रमांक जुळत नाही म्हणून नोंदीस आली नाही, तर ते खरेदीदाराला लेखी कळले पाहिजे. सूची क्रमांक दोनमध्ये आमचा पत्ता होता. ‘असा पोटविभाग आढळत नाही’ एवढ्या चार शब्दांचे पत्र त्या वर्षी आले असते, तर त्या वयस्कर गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी येऊन सही केली असती, याविषयी मला शंका नाही.

तिसरे मागणे वारस नोंदीबाबत आहे. मृत धारकाने हयातीत ती मिळकत विकली होती का, हे वारसांची नावे लावण्यापूर्वी नोंदणी विभागाच्या सूचीत पाहिले जावे, आणि ते केवळ मिळकतीच्या क्रमांकाने नव्हे, तर करून देणाऱ्याच्या नावानेही पाहिले जावे. सूची क्रमांक एक नावांचीच असते. क्रमांकाने शोधले असते, तर आमचे खरेदीखत सापडले नसते. नावाने शोधले असते, तर सापडले असते. दोन्ही अभिलेख शासनाचेच आहेत आणि दोन्ही आता संगणकावर आहेत, तेव्हा ही अपेक्षा अवाजवी नसावी. प्रलंबित फेरफारांच्या बाबतीत नागरिकांनीही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घ्यायला संकोचू नये. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, आणि ती टळल्यास अपील करता येते. खिडकीवरील कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. त्या कर्मचाऱ्यांपैकी एका तरुणानेच आम्हाला जुन्या शीटचा नकाशा काढून गळलेली रेघ दाखवून दिली, हेही नमूद करते.

आमचे काम सध्या असे आहे. वारस नोंदीविरुद्ध अपिलाची साठ दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, म्हणून विलंब माफीच्या अर्जासह अपील दाखल केले आहे. विकणाऱ्यांच्या पत्नीने व दोन्ही मुलांनी चूकदुरुस्तीच्या दस्ताला संमती दिली आहे. थोरल्या मुलाने तर झाल्या प्रकाराबद्दल घरी येऊन दिलगिरी व्यक्त केली, वस्तुतः चूक त्यांची नसताना. मुलगी परदेशी आहे. तिने भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवले, ते गेल्या आठवड्यात पोचले. परदेशात केलेल्या अशा दस्तावर तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते, तेव्हा ते काम या सोमवारी करायचे आहे. त्यानंतर चौघांच्या सोयीचा एक दिवस ठरेल. नव्या दस्ताचा मसुदा वकिलांकडून आला आहे. काल रात्री माझ्या पतींनी जुनी मिळकत पत्रिका हातात धरून परिशिष्ट मोठ्याने वाचले आणि मी पाहिले. रेघ जागेवर आहे. क्षेत्रफळाचा एक आकडा मात्र पत्रिकेशी जुळत नाही, त्यामुळे मसुदा परत पाठवला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक